वाल सोलणारा नवरा

अगं, पाहुणे गेले सगळे. तुझा भाऊ सकाळीच रोह्याला निघाला. शेजारच्या साठेकाकू लेकीला, कुंदाला, बळेबळेच त्यांच्याकडे जेवायला घेऊन गेल्या. दुपारचे तीन वाजलेत आणि ऐन कामाच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलोय. उंबऱ्यावर बसू नये म्हणून तू किती वेळा उठवलं असशील मला. आज उठवणारं कोणी नाही, तर त्याचाही रागच येतोय. सोळा वर्षांत मला सांगितल्याशिवाय तू कधी माहेरीसुद्धा गेली नाहीस, आणि या वेळी मात्र एवढं लांब जायचं तर नीट निरोपही घेतला नाहीस.

तेरा दिवस जो तो येऊन एकच सांगून गेला. सोशिक होती, शांत होती, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. मी आपला मान डोलावत होतो. त्यांनी तुला कुंदाची गिचमिड अक्षरातली वही टराटरा फाडताना पाहिलेलं नाही. भांडीवाली आली नाही त्या दिवशी तू भांड्यांशी काय काय बोलायचीस, तेही त्यांनी ऐकलेलं नाही. तुलाही राग यायचा गं, चांगला सणसणीत यायचा. फक्त तो कुठे नेऊन ठेवायचा हे तुला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. मला ते तू शिकवलंस, आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला कळू दिली नाही. त्याचंच आज बोलायचंय.

मी काय होतो ते तुला मी सांगायला नको. माल वाहतुकीच्या ऑफिसात माझं टेबल तक्रारींचं. कुणाची आंब्याची पेटी फुटली, कुणाचा तुपाचा डबा गळला, कुणाचं लग्नाचं सामान भलत्याच गावी जाऊन पडलं, की ती सगळी माणसं माझ्यासमोर येऊन उभी. माल वाहणारी मोटार माझी नाही, हमाल माझे नाहीत, पण शिव्या मात्र माझ्या. वर साहेबाचा दम, की गिऱ्हाइकापुढे आवाज चढवायचा नाही. दिवसभर ‘होय साहेब, पाहतो साहेब’ करायचं आणि तो सगळा गिळलेला आवाज संध्याकाळी मुलुंडला आणून घरात मोकळा सोडायचा, असा माझा नेम. चहात साखर कमी, ओरड. पंचा जागेवर नाही, ओरड. कुंदा हसली, तर हसली म्हणून ओरड.

एक दिवस तू मला सांगितलंस, तुमची पावलं जिन्यात वाजली की पोर बोलायची थांबते. वाक्याच्या मध्येच थांबते. मी म्हटलं, काहीतरीच. तू म्हणालीस, उद्या जिन्यात उभे राहून ऐका. मी खरंच ऐकलं. आठ वर्षांची कुंदा शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती आणि तू हसत होतीस. मी मुद्दाम एक पायरी जोरात वाजवली. आत एकदम सामसूम झाली. मी तिथेच पायरीवर टेकलो थोडा वेळ. मग घरात आलो आणि लाज वाटत होती म्हणून त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त ओरडलो.

डॉक्टरांकडे तूच धरून नेलंस. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, भुवया वर केल्या आणि म्हणाले, ब्लडप्रेशर आहे, मीठ कमी करा आणि रागावणं सोडा. रागावणं सोडा म्हणे! ते काय मी हौसेनं लावून घेतलेलं व्यसन होतं? पण तू बाहेर पडल्यावर ही गोष्ट साठेकाकूंना सांगितलीस आणि सगळ्या बिल्डिंगनं माझ्या डोक्याचा ताबा घेतला. साठ्यांनी ब्राह्मीचं तेल आणून दिलं. त्यानं राग गेला नाही, उशांचे अभ्रे मात्र हिरवे झाले. कुणी म्हणालं, पहाटे मांडी घालून दीर्घ श्वास घ्या. घेतले. मोजता मोजता आदल्या दिवशीची तुपाच्या डब्याची भानगड आठवायची आणि दहाव्या श्वासाला मी दात ओठ खात असायचो. मग संध्याकाळी मोकळ्या हवेत फिरायचं ठरलं. नाहूरच्या बाजूला भातखाचरांच्या बांधांवरून चालायला लागलो, तर तिथे नेमके दिघे भेटायला लागले. दिघे माझ्याच ऑफिसातले, राहायला मुलुंडातच, आणि हा मनुष्य बांधावरूनसुद्धा फक्त ऑफिसचंच बोलणार. घरी यायचो तेव्हा जाताना होतो त्याहून जास्त तापलेला असायचो. तू पाणी आणून द्यायचीस.

आणि मग ती शाईची दौत. कुंदाच्या हातून सांडली, माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. मी हात उगारला. मारला नाही, पण उगारला, आणि पोरीनं तोंडापुढे दप्तर धरलं. तू मध्ये आलीस. मला वाटलं, आता ही भांडणार. तू दाराला कडी घातलीस, कुंदाला आतल्या खोलीत पाठवलंस आणि माझ्यासमोर परात आणून ठेवलीस. मोड आलेले वाल, कोमट पाण्यात बुडवलेले. शेजारी एक पातेलं आणि एक वाटी.

“एवढे सोलून द्या,” तू म्हणालीस. “मग काय बोलायचं ते बोला. मी सगळं ऐकेन.”

मी आणि वाल सोलणार? आमच्या घरी पुरुषानं पाण्याचा तांब्या आपल्या हातानं भरून घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. पण तुझा चेहरा असा होता की मी खाली बसलो. पहिला दाणा दाबला तो टुणकन उडून थेट देवांच्या फळीवर. दुसरा चिरडला. तिसऱ्याच्या दोन फाका झाल्या. तू समोर बसून दाखवलंस. अंगठा आणि दोन बोटं, साल नुसती ढकलायची, दाणा आपण होऊन बाहेर सरकतो. जोर केलात की मोडतो, आणि मोडलेला दाणा बिरड्यात विरघळून जातो, म्हणून तो वाटीत वेगळा टाकायचा. रोह्याच्या लेकीला अख्ख्या दाण्याचंच बिरडं लागतं, त्याला मी काय करणार?

चमत्कार वगैरे काही झाला नाही, हेही सांगून टाकतो. पहिला पाव तास मी मनातल्या मनात तुला, कुंदाला, साहेबाला आणि वालालाही शिव्याच देत होतो. पण रागानं बोट दाबलं की दाणा मोडायचा, आणि मोडलेला दाणा मला बघवेना. माणूस मूळचा कंजूष ना मी. मग बोट जरा हलकं पडलं. बोट हलकं पडलं तसे खांदे उतरले, आणि कुणी घे न म्हणता श्वास आपला लांब व्हायला लागला. परात रिकामी झाली तेव्हा तू म्हणालीस, “बोला आता.” काय बोलायचं होतं तेच मला आठवेना. मी कुंदाला हाक मारली आणि सदऱ्यावरचा डाग लिंबानं जातो का ते आईला विचार, असं सांगितलं. माफीच होती ती, पण तेवढीच जमली.

तेव्हापासून ते सुरूच झालं. तुझ्या माहेराहून वर्षाचे कडवे वाल यायचे. आठवड्यातून दोनदा-तीनदा ते, आणि नसतील त्या दिवशी रेशनचे तांदूळ निवडायला, नाहीतर लसूण सोलायला. मी आल्यावर हातपाय धुवायचे, परातीशी बसायचं, आणि परात संपेपर्यंत घरात कुणी ऑफिसचं नाव काढायचं नाही. माझी एकच अट होती, दाराला कडी. समेळ घरी वाल सोलतो हे बाहेर कळलं असतं तर मी मेलोच असतो. तू हसायचीस आणि कडी घालायचीस.

मोडलेल्या दाण्यांची वाटी मात्र तू दुसऱ्या दिवशी आमटीत रिकामी करायचीस. एकदा जेवताना कुंदा म्हणाली, “आज आमटी दाट झालीय. काल बाबांचं ऑफिसात फार बिनसलेलं दिसतंय.” मी चपापलो. तुझ्या नाकातून हसू फुटलं, आणि मग मलाही हसू आवरेना. त्या पोरीनं माझ्यासमोर माझीच थट्टा केली होती. आधी कधी केली असती का तिनं? त्या दिवशी मला किती आनंद झाला हे मी तुला सांगितलं नाही. ‘मीठ जास्त आहे’ असं काहीतरी म्हणालो असेन.

आता दिघ्यांचं. हे बोलायचं म्हणून सकाळपासून मी घरभर येरझाऱ्या घालत होतो.

शनिवार होता. कुंदा खाली खेळायला गेली आणि तिच्यामागे कडी घालायची राहिली. मी परातीशी बसलेला, बाह्या वर, बोटं सालपटांनी भरलेली, आणि दारात दिघे. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. बघतच राहिले. म्हणाले, “काय समेळ, हे काय आरंभलंय?” आणि मी, सुमती, एक क्षणसुद्धा न थांबता हसत हसत म्हटलं, “काय करणार? हिचं वेळेत काही उरकत नाही. घरी आलो तरी आमची सुटका नाही.”

तू समोर होतीस. सकाळपासून हात न थांबलेली तू. घर लख्ख, पाणी भरलेलं, देवाला फुलं, मुलीची वेणी, सगळं जिथल्या तिथे. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, “हो ना, आज जरा राहूनच गेलं माझं.” दिघ्यांनी तुला वडीलकीचे चार शब्द ऐकवले, की दमून आलेल्या माणसाला असं कामाला लावू नये वहिनी. तेही तू ऐकून घेतलंस. पोहे केलेस, चहा केलास. ते जाईपर्यंत तुझ्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही, आणि मी म्हटलं, सुटलो.

पुढचे आठ दिवस परात निघाली नाही. मी यायचो, हातपाय धुवायचो आणि नुसता बसून राहायचो. हातांना काही नाही. तू बोलायचीस, वाढायचीस, सगळं नेहमीसारखं, फक्त परात नाही. मला मागता येईना. मागायचं म्हणजे आधी त्या दिवशीचं बोलायला हवं. पाचव्या दिवशी मी पुन्हा कुंदावर खेकसलो, आणि ती पुन्हा मधल्या वाक्यात थांबली. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. नवव्या दिवशी परात माझ्यासमोर आली. माझ्यासाठी नाही गं, लेकीसाठी आणलीस तू ती, एवढं कळत होतं मला. मी खाली मान घालून म्हणालो, “या खेपेचे वाल चांगले आहेत.” तू म्हणालीस, “हो.” झालं. माझ्या लेखी प्रकरण मिटलं. तुझ्या लेखी ते चार वर्षं तसंच होतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

गेल्या महिन्यात तू पडून होतीस आणि मी रजा काढून तुझ्याजवळ बसायचो. चादरीवर तुझी बोटं हलत असायची, अंगठा आणि दोन बोटं. मी ते बघत होतो आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदाच आलं की, माझ्या डोक्याची सोय तू केलीस, पण तुझ्या डोक्याचं काय? सोळा वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. विचारलं, तर म्हणालीस, “दुपारी मी माझे सोलायचे की. तुमचे तेवढे राखून ठेवायचे.”

“माझे किती ते कसं कळायचं?”

“सकाळी जिना कसा उतरता त्यावरून.”

तुझ्या जागी मी असतो तर माझे सोलून संपवले असते आणि दुसऱ्याचं दुसऱ्यानं बघावं म्हटलं असतं. नंतर कुंदानं मला आणखी एक सांगितलं. तुझी आई गेल्याचं पत्र दुपारी आलं होतं, त्या दिवशी तू एकटीनं शेरभर वाल सोललेस आणि बिल्डिंगभर बिरडं वाटलंस. मला ते पत्र तू रात्रीचं जेवण झाल्यावर दाखवलंस. तोवर मी बिरड्यात गूळ कमी पडलाय म्हणून कुरकुर करून मोकळा झालो होतो. कुंदा हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. बरं झालं, नाही बघितलं ते.

त्याच आजारपणात एका सकाळी, मी तुला पेज भरवत असताना, तू एकदम विचारलंस, “दिघ्यांना त्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर काय झालं असतं हो?”

रागानं नाही विचारलंस. खरोखर जाणून घ्यायचंय, अशा आवाजात विचारलंस. मी चमचा ढवळत बसलो. म्हटलं, “पेज गार होतेय, घे आधी.” तू घेतलीस. पुन्हा विचारलं नाहीस. मी मनात म्हणत होतो, बरी झाली की सांगू. काय सांगणार होतो देव जाणे. तू बरी झालीच नाहीस, आणि गेले तेरा दिवस पिंड, दर्भ, भटजी, पाहुणे या सगळ्यात तो चमचा माझ्या हातातून सुटलेला नाही.

काल गोडाचं जेवण होतं. तुला आवडायचं म्हणून तुझ्या भावानं रोह्याहून वाल आणले होते, साठेकाकूंनी दोन दिवस आधी भिजवून, बांधून मोड आणले होते. सकाळी त्या आणि खालच्या मजल्यावरच्या दोघीजणी गॅलरीत परात घेऊन बसल्या. माझ्या ऑफिसचे पाचसहा जण लवकरच आले होते, पुढच्या खोलीत सतरंजीवर. दिघेही होते. सगळे मला समजावत होते, आणि मला त्या परातीतल्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. एक बाई फार घाईनं सोलत होती, दाणे मोडत होती. मी उठलो, बाह्या वर केल्या आणि सगळ्यांच्या देखत गॅलरीत जाऊन परातीशी बसलो. साठेकाकूंचे हात थांबले.

दिघे आतून म्हणाले, “अहो समेळ, तुम्ही कशाला? या आहेत की सगळ्या.”

“मला येतं,” मी म्हटलं. “सहा वर्षं सोलतोय. तुम्ही पत्रिका घेऊन आला होतात ना, त्या दिवशी हिचं काहीसुद्धा राहिलेलं नव्हतं. मी खोटं बोललो. माझं डोकं ठिकाणावर राहावं, पोरीवर हात उठू नये, म्हणून ही मला रोज परातीशी बसवायची. त्या दिवशी तुमच्यासमोर मी तिच्यावर ढकललं.”

आवाज नको तेवढा मोठा निघाला माझा. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. दिघ्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, “वहिनींना मी उगीच बोललो मग त्या दिवशी.” एवढंच. कुणी हसलं नाही. कुणाला धक्का बसला नाही. साठेकाकू जराशा सरकल्या, माझ्यापुढे कोमट पाण्याचं भांडं ढकललं आणि म्हणाल्या, मोडलेले वाटीत टाका. आणि काम पुढे सुरू झालं. ज्याला मी चार वर्षं भ्यालो, ते एवढंसं होतं. दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं माझ्याजवळ त्या शनिवारी होती, पेज भरवताना होती, त्यानंतर तू अकरा दिवस होतीस तेव्हाही होती.

तू विचारलं होतंस ना, खरं सांगितलं असतंत तर काय झालं असतं? काही झालं नसतं गं. काहीसुद्धा झालं नसतं.